सीटिंग अरेंजमेंटला वेळ जातोय, काय करू?

डिचोलीकर: आयबीपीएस पीओच्या (बँक अधिकारी भरती) प्रिलिम्सला, म्हणजे पूर्वपरीक्षेला बसतोय, रिझनिंगला ३५ प्रश्न आणि २० मिनिटं, त्यात सीटिंग अरेंजमेंटचा, म्हणजे कोण कुठे बसलाय ते शोधायचा, गोल टेबलवाला एक सेट आला की माझी ८ मिनिटं तिथेच जातात. तोंड बाहेर असलं की डावं-उजवं हमखास चुकतं. पणजीला पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत रोज बसतो, कच्चे कागद नुसते खोडून काळे झालेत.

फोंड्याची: अरे चवथीला फुगडीचं कडं असतं ना, त्यात स्वतः उभा आहेस असं समज. तोंड आत असलं तर तुझा डावा हात घड्याळाच्या दिशेने, तोंड बाहेर केलंस की उलट. मी प्रत्येक नावाजवळ छोटा बाण काढते, बाण नाही काढला की चुकलंच. आणि 'शेजारी नाही' वालं वाक्य आधी धरू नकोस, ते शेवटी चुकीच्या शक्यता उडवायला ठेव.

म्हापसेकर: बरोबर सांगितलंस गो. भाऊ, दोन शक्यता निघाल्या तर खोडू नको, दोन गोल शेजारी शेजारी काढ.
रँकिंग मात्र सोडू नको, हक्काचे मार्क आहेत ते. ३० जणांची रांग, एक डावीकडून २० वा, दुसरा उजवीकडून १५ वा, मध्ये किती? बेरीज ३५ म्हणजे ३० च्या वर, दोघं एकमेकांना ओलांडून गेलेत. दुसरा डावीकडून ३० − १५ + १ = १६ वा, मध्ये १७, १८, १९, तिघंच.

डिचोलीकर: मी ६ काढलेले! १ मिळवायचाच राहतो माझा, आणि वर दोन टोकंपण मोजली. आज बाण काढून दहा सेट करतो.