मध्यस्थीत मिटलेले (आणि न मिटलेले) घरचे दावे: अनुभव लिहा

सांजवात:
माझा घटस्फोट गेल्या वर्षी मध्यस्थीतून पार पडला. त्याआधी तीन वर्षं नुसत्या तारखा. न्यायाधीशांनी मध्यस्थीला पाठवलं तेव्हा मी चिडले होते. लग्नात मधे पडलेल्या काकांसारखं कुणीतरी ‘जरा जमवून घे’ म्हणणार, असंच वाटलं. पण मध्यस्थ बाईंनी बसल्याबसल्या सांगितलं, ‘मी निकाल देत नाही. इथे बोललेलं न्यायाधीशांना कळत नाही. मिटलं की नाही, एवढंच मी कळवते.’ मग आम्हाला आळीपाळीने एकेकटं बोलावलं.

फायलीत भांडण पोटगीचं होतं. खरं अडलं होतं मुलीच्या गणपतीवर. त्यांच्या घरी पाच दिवसांचा, आमच्याकडे दीड दिवसाचा, आणि दोघांनाही लेक पहिल्या दिवशी हवी. तीन वर्षांत एकाही वकिलाने हे विचारलं नव्हतं. शेवटी एक वर्ष प्रतिष्ठापना त्यांच्याकडे, पुढच्या वर्षी आमच्याकडे, असं लिहिलं गेलं. शाळेच्या सुट्ट्या, आजारपणात कुणी रजा घ्यायची, तेही. त्यानंतर पोटगीचा आकडा अर्ध्या तासात ठरला. वेगळं राहून दीड वर्ष उलटलं होतं, बाकी सगळं ठरलेलं होतं, म्हणून संमतीने घटस्फोटाच्या अर्जानंतर थांबायचे सहा महिनेही माफ झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालामुळे तशी विनंती करता येते.

तुमच्याकडे काय झालं? जमलं नसेल तर तेही लिहा.

बांधावरची:
आमचा वाटणीचा दावा, सांगली जिल्हा. वडील गेल्यावर भाऊ हक्कसोडपत्र घेऊन दारात. 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा लेकाइतकाच, हे दोघांनाही माहीत होतं. मी सही केली नाही, राखी बंद झाली. बायकांना अशा दाव्यात कोर्ट फी माफ आहे, पण एसटी आणि बुडालेली मजुरी कोण देणार?

मध्यस्थांनी दादाला विचारलं, ‘ताईला वाटा दिला तर भीती कशाची वाटते?’ तो म्हणाला, ‘दाजी विहिरीकडचा तुकडा परक्याला विकतील.’ मला विहीर नकोच होती! मी रस्त्याकडची वीस गुंठे घेतली, विकायची झाली तर आधी दादाला विचारायचं ठरलं. मोजणी झाली, सातबाऱ्यावर नाव लागलं. राखीला गेले नाही अजून. वहिनीने हुरड्याला बोलावलंय.

निवृत्त_गुरुजी:
माझं थोडक्यात. मुलाविरुद्ध 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे अर्ज केला होता. त्यांनी आधी समेट अधिकाऱ्यांकडे पाठवलं. दोन बैठका झाल्या. आता दर पाच तारखेला खात्यात रक्कम येते. मुलगा फोन करत नाही. नात करते.

मंजुळा७:
वरचे अनुभव वाचून बरं वाटलं, तरीही माझं लिहिते. नवरा मारायचा. आम्हालाही मध्यस्थीला पाठवलं आणि एकाच टेबलाशी बसवलं. तो गोड बोलत होता, मी मान हलवत होते. ‘नांदायला जाते’ असं मी कबूलसुद्धा केलं. बाहेर आल्यावर बहिणीने विचारलं, ‘तू काय बोललीस?’ मला आठवेना.

सुदैवाने सही व्हायची होती. पुढच्या वेळी सांगितलं, मला हे नको. मध्यस्थीत तडजोड करायचीच अशी सक्ती नसते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. प्रकरण परत कोर्टात गेलं आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मिळाला. जिथे एक माणूस दुसऱ्याला घाबरतो, तिथे समोरासमोर बसवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

सांजवात:
मंजुळाताई, हे मी धाग्याच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. एक विचारू? ‘नको’ तोंडी सांगितलंत की लेखी?

मंजुळा७:
आधी तोंडी, मध्यस्थांना एकटीने भेटून. मग वकीलबाईंनी कोर्टात अर्ज दिला. एकटीने भेटायचं असेल तर तसं म्हणायचं, ते भेटतात. त्या दिवशी बहीण दाराबाहेर बसून होती.