मदत हवी आहे: शेणामुताच्या स्लरीतलं इस्ट्रोजेन (मादीचं संप्रेरक) ओढ्यात जाण्याआधी कसं रोखावं?

गोठ्यात ४० गाई, निम्म्याहून जास्त गाभण. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत शेणामुतातून इस्ट्रोजेन सगळ्यात जास्त पडतं. बंद हौदात हवा नाही. तिथे इस्ट्रोन आणि इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेनचे प्रकार एकमेकांत बदलत राहतात, संपत मात्र नाहीत. म्हणून स्लरी गाळून चोथा उसाच्या पाचटात मिसळून ढीग लावायचा विचार आहे: ओल ५५-६० टक्के, आतलं तापमान ५५ अंशांच्या वर. पाचट कुट्टी न करता टाकलं तर मधे कोरडे कप्पे राहतात, तिथे काही कुजत नाही.

पहिले १५ दिवस ढीग किती दिवसांआड पलटावा? गाळलेल्या पाण्याचं काय करावं? आणि तपासणी: एलायझा किट (प्रतिपिंडांवर चालणारी चाचणी) बहुधा इस्ट्राडायोलचं १७-बीटा रूपच पकडतं, गाईच्या शेणात तर १७-अल्फा रूप जास्त. एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) दोन्ही वेगळे मोजणारी लॅब माहीत आहे का?