अनाथ हत्तीपिल्लू: लळा लावायचा की लांब ठेवायचं?

रानवाट
दोडामार्गात 2002 पासून हत्ती आहेत आणि 2021 पासून छत्तीसगडातून आलेला कळप गडचिरोलीत फिरतोय. उद्या एखादं पोरकं पिल्लू वन खात्याच्या हाती आलं तर ते कसं वाढवायचं, हे आधी ठरलेलं बरं. माझं मत श्रीलंकेच्या, म्हणजे लांब ठेवण्याच्या बाजूने. उडवलवे उद्यानातलं पोरक्या हत्तीपिल्लांचं केंद्र तिथल्या वन्यजीव खात्याने 1995 मध्ये सुरू केलं. दर तीन तासांनी पिल्लं आत येतात, नरसाळं लावलेल्या नळीने दूध पितात आणि परत जलाशयाकाठच्या रानात जातात. पर्यटक लांबच्या मचाणावर, हात लावायची सोय नाही. पाचेक वर्षांची झाली की बरोबर वाढलेली पिल्लं एकत्रच सोडतात, काहींना रेडिओ कॉलर लावून. आजवर शंभराहून जास्त सोडली, त्यातल्या काही माद्या रानात व्यायल्याही. केनियात, नैरोबीच्या शेल्ड्रिक केंद्रात मात्र सांभाळणारा माणूस रात्री पिल्लाशेजारी झोपतो. असा वाढलेला नर पुढे केळीच्या बागेत शिरला तर माणसाला भिणार कशाला?

गोठा_ते_जंगल
सहमत नाही. पद्धत ठरवण्याआधी पिल्लाचं वय विचारा. तीन महिन्यांखालचं पिल्लू लांब ठेवून जगवता येत नाही. गाईचं दूध दिलं की हगवण लागते, कारण त्यातली चरबी त्याला पचत नाही. नैरोबीचं केंद्र उभारणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांची बरीच वर्षं यातच गेली. शेवटी लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीत खोबरेल तेल घातल्यावर जमलं. हत्तिणीच्या दुधातली चरबी खोबरेलाच्या जवळची असते.

पाजायचीही रीत आहे. पिल्लू सोंड आईच्या अंगाला टेकवून पितं, म्हणून नैरोबीत घोंगडी टांगतात आणि तिच्याआडून बाटली देतात. सोंडेला आधार नसेल तर ते ओढत नाही, आणि घाईने ओतलेलं दूध फुप्फुसात जातं. उन्हात आईची सावली नसल्याने कान भाजतात, रात्री गारठ्याने न्यूमोनिया होतो. दाढा येताना पुन्हा हगवण, तेव्हा दूध पातळ करून ओआरएस. निरोगी मोठ्या हत्तीची ताजी लीदही खाऊ द्यायची, पोटातले जिवाणू तिथूनच मिळतात.

आता लळ्याचं. आयेशा नावाचं पिल्लू फक्त डॅफ्नींनाच ओळखायचं. मुलीच्या लग्नासाठी त्या थोडे दिवस बाहेर गेल्या, तेवढ्यात त्याने खाणंपिणं सोडलं आणि ते मेलं. तेव्हापासून पिल्लाशेजारी झोपणारा माणूस रोज रात्री बदलतात. लळा तोडत नाहीत, अनेकांत वाटून टाकतात.

रानवाट
दूध-घोंगडीबद्दल वाद नाही. माझा प्रश्न दूध तुटल्यानंतरचा. नैरोबीची पिल्लं पुढे केनियातल्या त्सावोत सोडतात; तिथली दोन्ही उद्यानं मिळून वीस हजार चौ.किमी.च्या वर आहेत. उडवलवे 308. आपलं दोडामार्गातलं तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जेमतेम 30! माणसाळलेला नर तिथे रात्रीतून तीन गावं ओलांडेल.

कळपवाला
हा मुद्दा जागेचा झाला, लळ्याचा नाही. उडवलवेच्या रस्त्याकडेला विजेच्या कुंपणाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे केळी मागणारे नर बहुतेक रानातच वाढलेले आहेत. त्यांची भीड गाडीतून खायला देणाऱ्यांनी मोडली.

आणि नुसती पिल्लंपिल्लं एकत्र सोडण्यात धोका आहेच. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर उद्यानातले मोठे हत्ती मारून उरलेली पोरकी पिल्लं पिलानेसबर्ग उद्यानात नेली, बरोबर एकही वडीलधारा नाही. त्यातले नर वयाच्या मानाने फार लवकर मदावर (नर हत्तीचा माजाचा, आक्रमक काळ) आले आणि 1992 ते 1997 मध्ये त्यांनी 40 हून जास्त पांढरे गेंडे मारले. 1998 मध्ये क्रुगरचे सहा मोठे नर आणून सोडल्यावर तरण्यांचा मद उतरला आणि गेंडे मरणं थांबलं. त्सावोत इथुम्बाला, नैरोबीची पिल्लं रानात मिसळवायच्या ठाण्यावर, हेच आपोआप घडतं: पिल्लं रात्री कुंपणात, दिवसा रानात, पाणवठ्यावर जंगली कळप. आधी सुटलेल्या माद्या धाकट्यांना बरोबर घेऊन जातात, एखादं महिनाभर हिंडून परतही येतं. कोणी कधी सुटायचं याची तारीख ठरलेली नसते. उडवलवेची ‘पाच वर्षं झाली, चला’ ही रीत म्हणूनच मला अर्धवट वाटते.

रानवाट
पिलानेसबर्गला आत जुने हत्तीच नव्हते. उडवलवेत आहेत. तुलना ताणलेली आहे.

चर_आणि_चढ
दोन्ही बाजू एकदम केंद्रावरच पोहोचल्या. कळपापासून चुकलेलं प्रत्येक पिल्लू पोरकं नसतं. आसामात चहामळ्यांच्या चरांत पिल्लं पडतात. तिथे दोर बांधून उचलायचं नाही, जेसीबीने चराची एक कड उतरती करायची, ते स्वतः चढतं. मग गर्दी हटवा, फटाके बंद. कळप दूर जातो तो बहुतेकदा फटाक्यांमुळे. ड्रोनने किंवा माग काढणाऱ्यांकडून कळप शोधा, पिल्लाच्या अंगाला चिखल आणि त्याच कळपाची लीद चोळा म्हणजे माणसाचा वास दबतो, आणि संध्याकाळी कळपाच्या वाटेवर सोडून वाऱ्याच्या खालच्या बाजूने लांबून नजर ठेवा. डिसेंबर 2023 मध्ये तामिळनाडूतल्या अनामलाईत पिल्लू असंच आईला मिळालं. बाटली मात्र नाही. दोनदा पाजलं की ते कळपाऐवजी तुमच्या मागे चालू लागतं.

गोठा_ते_जंगल
बाटली नाही, मान्य. पण डोळे खोल गेले असतील तर ओआरएसला थांबू नका. सुकलेलं पिल्लू कळपाच्या चालीने चालू शकत नाही, आणि मग आई दुसऱ्यांदा सोडून जाते.