कवच वेगळं म्हणजे जात वेगळी असं नाही
कुणीतरी म्हटलंय की प्लँक्टनचं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं) कवच वेगळं दिसलं की जात वेगळी धरायची, पण कॉकोलिथोफोरमध्ये हे साफ फसतं. ही एकपेशीय शेवाळं, अंगावर चुन्याच्या चकत्या मिरवणारी. कॉकोलिथस पेलॅजिकसच्या चकत्या जाडजूड, बटणासारख्या, एकमेकींत अडकलेल्या, तर क्रिस्टॅलोलिथस हायलिनसच्या नाजूक, सारख्या आकाराच्या बारीक स्फटिकांच्या, आणि ही पेशी पोहते पण. नोंद चक्क दोन वेगळ्या वंशांत (म्हणजे जातीच्या वरच्या गटांत) होती! १९६० मध्ये पार्क आणि अ‍ॅडम्स या संशोधकांनी दाखवलं की या एकाच जीवाच्या दोन अवस्था आहेत. पहिलीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, दुसरीत एकच. दोन्ही आपापल्या विभागून वाढत राहतात, मला हेच सगळ्यात भारी वाटतं. कधीकधी एकाच पेशीवर दोन्ही तऱ्हेच्या चकत्या दिसतात, म्हणजे अवस्था बदलतानाच सापडलेली पेशी, असा फोटो मिळाला की कोणती दोन रूपं एकाच जातीची, ती जोडी जुळवता येते.