बाबा रिटायर झाल्यापासून गप्प गप्प, डिप्रेशन असेल का?

कूलरची_हवा:
आम्ही नागपूरला प्रताप नगरात राहतो. बाबा मागच्या वर्षी रिटायर झाले. आधी रोज सकाळी अंबाझरीला फिरणं, मग मित्रांसोबत तर्री पोहा, अन् मगच घरी. आता दीड-दोन महिने झाले सगळं बंद, पहाटे तीनला उठून हॉलमध्ये अंधारात बसून राहतात, पाठ दुखते, पोट साफ नाही हेच चालू असतं, आणि आईवर सारखी चिडचिड. पाठीचा एमआरआय काढला, काही निघालं नाही. रडत वगैरे नाहीत म्हणून सगळे म्हणतात वय झालं. काउन्सेलरचं नाव काढलं तर "मला पागलखान्यात टाकता का" म्हणून ताटावरून उठले. काय करू?

संत्राबर्फी:
ताई, रडलंच पाहिजे असं काही नसतं. दोन आठवड्यांच्या वर रोज असं चाललं, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही, झोप-भूक बिघडली तर दाखवायलाच पाहिजे. या वयातली माणसं उदास वाटतं म्हणतच नाहीत, पाठ दुखते म्हणतात. आधी फॅमिली डॉक्टरकडून थायरॉईड, बी१२ बघून घ्या, चालू गोळ्याही दाखवा. आणि "आता जगून काय करायचं" असलं काही मनात येतं का ते सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हटलं तर एकटं ठेवू नका, त्याच दिवशी न्या.

वर्धारोडवाला:
एकदा शेगावला नेऊन आणा, मन हलकं होतं. या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत बाप्पा.

नंदनवनकर:
शेगावला जा ना, कोण नाही म्हणतं, पण गोळ्यांचं चुकीचं सांगून राहिले भाऊ तुम्ही. सवय लागते ती काही झोपेच्या गोळ्यांची. डिप्रेशनच्या गोळ्यांचा असर दिसायलाच दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही, अन् लोकं आठव्या दिवशी फरक नाही म्हणून सोडतात, नाहीतर बरं वाटलं की एकदम बंद करतात मग चक्कर येते, बेचैनी होते. बंद करायची तर डॉक्टरला विचारून हळूहळू.
अन् पागलखान्याचं काय, आपण तर चौकालाच ते नाव देऊन बसलो. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, या सगळ्या सरकारी दवाखान्यांत मानसोपचाराची साधी ओपीडी आहे, चिठ्ठी काढा, दाखवा, घरी या. गोळ्या सायकियाट्रिस्ट देतो, बोलून थेरपी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतो, त्याचं आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन विचारून घ्या, नुसते कोच म्हणवणारे गल्लोगल्ली झालेत. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, १४४१६, फुकट आहे, रात्रीही चालू, मराठीत बोलतात.
बाबांना मात्र डिप्रेशन म्हणूच नका, झोपेसाठी दाखवू म्हणा. खोटंही नाही ते.

कूलरची_हवा:
झोपेसाठी म्हटल्यावर तयार झाले!! पण आत एकटाच जाईन म्हणतात, आईला नाही नेणार.

संत्राबर्फी:
जाऊ द्या एकटे. आईंनी कधी उठतात, किती जेवतात, काय बोलतात ते एका कागदावर लिहावं, आणि बाबांना सांगूनच तो डॉक्टरला द्या, लपूनछपून नको. ओपीडी सकाळची असते, लवकर निघा, अन् एमआरआयची फाईल विसरू नका नाहीतर परत चक्कर.