रात्री ११ ला १३०, पहाटे ६ ला २६०. न खाता साखर येते कुठून?

सांगलीची_आई
मुलगा १३ वर्षांचा, वजन ४४ किलो, टाईप वन मधुमेह होऊन सहा वर्षं झाली. दिवाळीपासून उंची अशी वाढतेय की शाळेच्या पँटची शिवण दोनदा उसवून लांबी वाढवली. तेव्हापासूनच सकाळची शुगर हाताबाहेर गेलीय. जेवण तेच, बेसलचे (दिवसरात्र हळूहळू काम करणाऱ्या इन्सुलिनचे) १४ युनिटही तेच. सासूबाई म्हणतात, पोरगं रात्री उठून लाडू खातं. मी डब्याला कुलूप लावलं, तरी आकडा तसाच. त्याला कुलूप दिसलं आणि तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

सुई_पेन_बिस्कीट
ताई, आधी कुलूप काढा. चौदाव्या वर्षी माझ्यावरही हाच आळ होता, फक्त लाडवांच्या जागी श्रीखंड. साखर डब्यातून नाही, लिव्हरमधून येते. दोन-तीन रात्री १, ३ आणि ५ ला बोट टोचून बघा. ३ ला ७० च्या खाली दिसली तर प्रकरण वेगळं, मग बेसल वाढवणं धोक्याचं. हळूहळू चढत गेली तर हा वाढीच्या वयाचा खेळ.

निवृत्त_बायोकेम
बरोबर. ग्रोथ हार्मोन गाढ झोपेत लाटांसारखं सुटतं आणि वयात येताना या लाटा मोठ्या होतात. त्याचं काम इन्सुलिनच्या उलट. इन्सुलिन चरबीला कुलूप घालतं (तुमचं कुलूप इथे हवं होतं!), ग्रोथ हार्मोन ते उघडतं. चरबी वितळून रक्तात आली की स्नायू तीच जाळतात, साखर तशीच उरते. लिव्हरही आणखी साखर बनवत राहतं. इतर मुलांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून हे निभावून नेतं. तुमच्या मुलाकडे मात्र पेनमधून गेलं तेवढंच.

यात एक गोम आहे. स्वादुपिंडाचं इन्सुलिन आधी थेट लिव्हरला पोचतं. टोचलेलं अंगभर फिरून जातं, लिव्हरच्या वाट्याला कमी येतं. मग लिव्हर आयजीएफ-१ (वाढीला लागणारं दुसरं हार्मोन) कमी बनवतं. पिट्यूटरीला (मेंदूच्या तळाशी असलेली, ग्रोथ हार्मोन सोडणारी ग्रंथी) ‘पुरे’ सांगणारा निरोप तोच. तो क्षीण झाला की ती ग्रोथ हार्मोन आणखी सोडते.

अर्जेंटिनाच्या बर्नार्दो उसाय यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांची पिट्यूटरीही काढली, तर मधुमेह बराच सौम्य झाला. पिट्यूटरीवरच्या कामासाठी १९४७ चं नोबेल मिळालं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही जागी व्हायची.

म्हणून त्याचं जेवण तोडू नका. इन्सुलिन कमी पडलं तर उंचीच खुंटते. या वयात दिवसाचं एकूण इन्सुलिन किलोमागे १ युनिटच्या वर जाणं नेहमीचं आहे, पण किती वाढवायचं ते डॉक्टरच ठरवतील. सकाळी २५० च्या वर असेल तर लघवीतले केटोनही (चरबी जळताना बनणारे पदार्थ) बघा, चरबी वितळतेय ना.

सांगलीची_आई
तीन रात्री जागले. कालचे आकडे: १ ला १४२, ३ ला १७५, ५ ला २३८. केटोनची पट्टी किंचित गुलाबी. डॉक्टरांना फोटो पाठवले, त्यांनी बेसल १६ केलं आणि चार दिवसांनी पुन्हा आकडे मागितलेत. डबा ओट्यावर परत आलाय. लाडू मोजून ठेवायचं मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.