मदत हवी आहे : शहापूरच्या जुन्या घराची सामायिक भिंत उघडी पडली आहे, पावसाआधी काय करावे?

जुना_सोपा (धागाकर्ता)

नमस्कार.

बेळगावात शहापूर भागातील एका गल्लीत आमचे वडिलोपार्जित घर आहे आणि त्या घराच्या एका भिंतीविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. मृग नक्षत्र लागायला दोन महिनेही उरलेले नाहीत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्या गल्लीतील घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. रस्त्यालगत कट्टा, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसात आड, अशी लांबट मांडणी जवळजवळ सगळीकडे सारखी आहे. आमच्या घराची दर्शनी रुंदी १८ फूट आणि लांबी ७२ फूट आहे. छप्पर सागवानी तुळयांवर आणि मंगलोरी कौलांचे आहे. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आणि मातीच्या दर्जांच्या (दर्ज म्हणजे दोन चिऱ्यांमधला सांधा) असून त्यावर मूळचा गिलावा चुन्याचा होता. पूर्वेकडची भिंत आमची आणि शेजारच्या काकांची मिळून एकच आहे. तिची जाडी २७ इंच आहे आणि दोन्ही घरांच्या तुळया दोन बाजूंनी तिच्यातच टेकलेल्या होत्या.

फेब्रुवारीत काकांनी त्यांचे घर उतरवले. त्यांच्या मुलांना तेथे तीन मजली इमारत बांधायची आहे. त्यात मला त्यांचा काहीही दोष दिसत नाही, कारण चार भावांच्या संसारांना ते घर पुरत नव्हते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मात्र त्यामुळे शंभरेक वर्षे दोन छपरांच्या मध्ये कोरडी राहिलेली ही भिंत आता पूर्वेकडून पूर्ण उघडी पडली आहे. काढलेल्या तुळयांची भोके तशीच आहेत, माथ्यावर काहीच आच्छादन नाही, आणि मागच्या आठवड्यात आलेल्या वळवाच्या एका सरीतच दर्जांतील माती ओघळून खाली आली. बेळगावात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो या भिंतीने कसा सोसावा, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न आतल्या बाजूचा आहे. सोप्यात याच भिंतीला २०१७ साली मी स्वतः सिमेंटचा गिलावा करून घेतला, कारण चुन्याला पोपडे येत होते आणि त्या वेळी सगळ्यांनी तेच सुचवले. दोन पावसाळे बरे गेले. त्यानंतर जमिनीपासून चार फुटांपर्यंत ओल चढली, रंगावर पांढरा लोणा फुटला आणि आता बोटाने ठोकले तर गिलावा पोकळ वाजतो. सध्याचे कंत्राटदार म्हणतात की दोन्ही बाजूंनी कोंबडी जाळी मारून पुन्हा सिमेंटचाच जाड गिलावा करावा, म्हणजे भिंत ‘सील’ होईल. एकदा हात पोळल्यामुळे मला ते पटत नाही.

तिसरा प्रश्न नाजूक आहे. काकांच्या इमारतीचे कॉलम भिंतीलगत येणार आहेत आणि त्यासाठी पाच-सहा फूट खोल खड्डे काढले जातील. आमच्या भिंतीचा पाया मात्र तीन फुटांपेक्षा खोल नसावा. भिंत कोणाची, हेही कागदावर स्पष्ट नाही. सिटी सर्व्हेच्या नकाशात दोन घरांमध्ये एकच रेघ आहे आणि २७ इंचांची भिंत त्या रेघेच्या कोणत्या बाजूला, हे रेघ सांगत नाही. घराचा मूळ खरेदीकागद १९२८ सालचा, मोडी लिपीतील आहे. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आलो. त्यामुळे आजोबांचा कागद मोडीत, वडिलांचा बाळबोध मराठीत आणि माझ्या नावाचा उतारा कन्नडमध्ये, अशी आमची चळत आहे. त्यांपैकी पहिलाच मला वाचता येत नाही.

घर पाडून नवे बांधावे, हा सल्ला कृपया देऊ नये. तो घरातच पुरेसा मिळतो. माझी आई ७९ वर्षांची आहे, तिचा दिवस कट्टा आणि सोपा यांतच जातो, आणि आम्हाला हे घर दाखवण्यासाठी नव्हे तर राहण्यासाठी टिकवायचे आहे. चुन्याचे काम खरोखर येणारे गवंडी बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा गोव्याच्या बाजूला कोणाच्या माहितीत असतील तर तेही कळवावे.

चिरा_आणि_चुना

जुना_सोपा, आपण कंत्राटदाराला थांबवलेत हे उत्तम केलेत. आमचे घर खानापूर तालुक्यात आहे आणि हीच चूक आम्ही आपल्या आधी दहा वर्षे करून ठेवली होती.

जांभा सच्छिद्र असतो आणि मातीची दर्ज त्याहून मऊ असते. अशी भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. चुन्याचा गिलावा तिला ती सोडू देतो. सिमेंटचा थर घट्ट असल्यामुळे ओल आत कोंडते, अडसर नसेल तेथपर्यंत वर चढते, आणि पाण्यात विरघळलेले क्षार थराच्या पाठीमागे स्फटिकरूपाने साचून गिलावा भिंतीपासून सोडवतात. आपल्याला ऐकू येणारा पोकळ आवाज त्याचाच आहे. पूर्वी चुन्याला पोपडे येत होते, कारण तो गिलावा त्याचे काम करत होता. दर काही वर्षांनी तो बदलायचा असतो. आपल्या आधीच्या पिढ्यांना हे ठाऊक होते आणि दिवाळीपूर्वीची सफेदी हा त्याच देखभालीचा भाग होता.

तरीही माझे सांगणे असे की यंदा चुन्याचे काम हाती घेऊ नका. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो. कळीचा चुना विरवून तो पाण्याखाली किमान दोन-तीन आठवडे मुरू द्यावा लागतो, आणि गिलावा लावल्यावर कित्येक दिवस तो हलका ओलसर ठेवून पण पावसापासून जपावा लागतो. एवढी सवड आता नाही. (चुना विरवताना पाणी अक्षरशः उकळते, त्यामुळे डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय कोणालाही जवळ जाऊ देऊ नका. आमच्याकडे एका गवंड्याच्या डोळ्याला इजा होता होता वाचली.) पोत्यातील तयार चुना सफेदीसाठी ठीक आहे, गिलाव्यासाठी त्यावर विसंबू नये. चुनखडी बागलकोट-लोकापूर पट्ट्यात आहे, त्यामुळे कळीच्या चुन्याची चौकशी त्या बाजूला करता येईल.

सध्या फक्त भिंत झाका. तुळयांची भोके चिऱ्यांच्या तुकड्यांनी आणि मातीत थोडा चुना मिसळून भरून घ्या. माथ्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर येतील अशी कौले किंवा पत्र्याची पन्हळ उलटी बसवा. आणि पूर्वेकडून पत्रे लावताना ते भिंतीला चिकटवू नका. बल्ल्यांचा सांगाडा करून मध्ये चार-पाच बोटे हवा खेळेल एवढे अंतर ठेवा. आमच्याकडे झडीच्या बाजूच्या मातीच्या भिंतींना पावसाळ्यापुरता गवताचा आडोसा बांधत असत. हे त्याचेच पत्र्यातील रूप समजा. आतला सिमेंटचा गिलावा मात्र आत्ताच काढा, पण हलक्या हाताने, छिन्नीने, ब्रेकर न लावता. पावसाळाभर भिंत आतून उघडी राहिली तर वाईट दिसेल, पण श्वास घेईल.

एक विचारतो. गल्लीचा रस्ता किती वर आला आहे?

ओळंबा_६१

मी बेळगावातच राहतो आणि बांधकाम विभागातून निवृत्त झालो आहे. आपल्या तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण माझ्या मते खरी घाई तेथे आहे. पावसाने भिंत हळूहळू झिजेल. चुकीच्या खड्ड्याने ती एका रात्रीत बसेल.

जुन्या पायाच्या शेजारी त्यापेक्षा खोल खणताना संपूर्ण लांबीचा चर एकदम कधीही काढू नये. चार-पाच फुटांचा एक तुकडा खणावा, त्याचे काँक्रीट पूर्ण करून भराव करावा, आणि मगच मधला तुकडा सोडून पुढचा घ्यावा. जेसीबी भिंतीपासून दूर ठेवावा आणि शेवटचे काम हाताने करावे. खणण्यापूर्वी आपल्या बाजूने तुळयांखाली धिरे द्यावेत, म्हणजे भिंत थोडी हलली तरी छप्पर तिच्याबरोबर येणार नाही. त्याहून बरा उपाय म्हणजे कॉलमच भिंतीपासून तीन-चार फूट आत घेणे आणि वरचे मजले बीम बाहेर काढून पेलणे. काकांच्या इंजिनिअरला हे नवे नसेल, फक्त ते नकाशा मंजूर होण्यापूर्वी सुचवले पाहिजे. महापालिकेत नकाशा सादर झाला आहे का, हे आधी काकांनाच विचारा. कार्यालयात अर्ज देण्यापूर्वी त्यांच्या घरी चहा घ्या.

आजच्या तारखेला भिंतीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढा. जेथे भेग असेल तेथे तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा आणि भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवा. काच तडकली तर भिंत हलते आहे असे समजावे. ही नोंद दोन्ही घरांच्या लोकांनी मिळून करावी आणि दोघांनी सह्या कराव्यात. पुढे वाद झाला तर तो आठवणींवर नव्हे, कागदावर होतो. हे सर्व प्रत्यक्ष पाहणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याला पर्याय नाही, हेही सांगून ठेवतो.

गल्लीतली_अक्का

भाऊ, मी वडगावात राहते. माझा प्रश्न साधा आहे. तुमच्या सोप्यात पूर्वी हातमाग होता का? शहापूर, वडगाव, खासबागेत विणकरांच्या घरी माग सोप्यातच, उजेडाच्या बाजूला भिंतीलगत असत, आणि विणणाऱ्याचे पाय सोडायला जमिनीत खड्डा असे. माग गेले तेव्हा लोकांनी ते खड्डे घरातल्याच विटा-दगडांच्या चुऱ्याने भरले आणि वर शहाबादी फरशी घातली. आमच्या सासरच्या घरी तसा खड्डा गटारीचे पाणी पीत होता आणि आम्ही भिंतीला औषध करत बसलो होतो.

आणि विसर्जनाच्या वेळी डॉल्बी दारात थांबवू देऊ नका. मंडळाच्या मुलांना आत्ताच सांगून ठेवा. ऐन वेळी कोणी ऐकत नाही.

जुना_सोपा (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सर्वांचे, विशेषतः अक्कांचे, मनःपूर्वक आभार.

माग होता. मला ठाऊक नव्हते, आईला होते. तिच्या लग्नापूर्वीच तो निघाला, पण सासूबाईंनी जागा दाखवली होती, असे ती म्हणाली. आम्ही त्या जागच्या चार फरशा उचलल्या. खाली अडीच फूट खोल खड्डा विटांच्या चुऱ्याने भरलेला होता आणि तळाची माती, एवढ्या उन्हाळ्यात, मुठीत धरली तर गोळा होईल इतकी ओली होती. चिरा_आणि_चुना यांच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच मिळाले. कट्ट्याला पूर्वी तीन पायऱ्या होत्या, रस्त्यावर थरावर थर पडून आता एकच उरली आहे, आणि गटाराचा तळ आमच्या सोप्याच्या जमिनीहून जेमतेम चार बोटे खाली आहे. गटाराचे घरालगतचे सांधे आम्ही भरून घेतले, खड्डा रिकामा करून उघडा ठेवला आहे, आणि आतला सिमेंटचा गिलावा काढला आहे. एका ठिकाणी तो इतका सुटला होता की छिन्नीची गरजच पडली नाही.

मोडी कागद कोल्हापूरच्या एका ओळखीच्या वाचकाकडून वाचून घेतला. पूर्वेची भिंत ‘निमे’ म्हणून लिहिली आहे, म्हणजे अर्धी त्यांची, अर्धी आमची. मी तो उतारा काकांकडे घेऊन गेलो तेव्हा त्यांनी कपाटातून त्यांचा कागद काढला. त्यातही हेच आहे. कॉलम साडेतीन फूट आत घेण्याचे त्यांच्या मुलांनी मान्य केले आहे, त्या बदल्यात पत्र्याच्या आडोशाचा आणि माथ्याच्या कौलांचा खर्च मी करत आहे. भेगांवर पाच काचा लावल्या आहेत आणि नोंदीवर दोन्ही घरांच्या सह्या आहेत.

आता एकच शंका उरली आहे. खड्डा पावसाळाभर उघडा ठेवावा, की तळाला जाड खडी भरून वरून लाकडी झडप करावी? आई तेथून रोज वीस वेळा जाते-येते, त्यामुळे तो उघडा ठेवण्याची मला भीती वाटते. चुन्याच्या गवंड्यांची नावे व्यक्तिगत निरोपातून आली आहेत. दिवाळीनंतर काम सुरू करताना याच धाग्यावर पुन्हा लिहीन.

चिरा_आणि_चुना

झडप करा, पण फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवा. खडी भरू नका, तिच्या पोकळीत पुन्हा पाणी साचेल. आणि दर पंधरा दिवसांनी झडप उचलून तळाची माती मुठीत धरून पाहा. जोपर्यंत तिचा गोळा होतो आहे, तोपर्यंत गवंड्याला बोलावू नका.